उत्तर क्रमांक चार

आमच्या गटाचे नियम अकरा. ते मीच टाइप केले, मीच छापले आणि खोलीच्या दाराला आतून मीच चिकटवले, त्यामुळे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पहिला वेळेचा, दुसरा चपलांचा. तिसरा असा: कुलूपवाल्या सॉफ्टवेअरसाठी इथे मदत मागू नये, देऊ नये, त्याचं नाव घेऊन जाहिरात होईल असं बोलू नये.

कुलूपवालं हा आमचा शब्द. जे सॉफ्टवेअर आत कसं बनवलंय ते बघता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, ते कुलूपवालं. ज्यात हे सगळं करता येतं ते मुक्त. भोरमध्ये मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी आणि दुसऱ्यांना शिकवणारी आम्ही पंधरा-वीस माणसं आहोत. दर रविवारी सकाळी दहाला सरांच्या वडिलांच्या जुन्या टायपिंग क्लासच्या खोलीत जमतो. टाइपरायटर गेले, त्यांची टेबलं राहिली. सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात आहे. गट त्यांनी काढला आणि व्यवस्था माझ्याकडे आली, जशी ती सगळीकडे माझ्याकडेच येते: किल्ली, हजेरी, चहा-साखर आणि मेलची यादी.

ही यादी म्हणजे एक पत्ता. त्यावर मेल पाठवली की ती गटातल्या सगळ्यांना जाते. भोरचे, सारोळ्याचे, वेल्ह्याकडचे, पुण्याला नोकरीला गेलेले धरून सव्वाशे नावं. त्यातले शंभर कधी काही लिहीत नाहीत.

नियम तीनला कारण होतं, हे आधी सांगते, नाहीतर पुढे तो उगाच वाईट दिसेल. पहिल्या वर्षी असा नियम नव्हता. तेव्हा यादीवर रोज कुणीतरी विचारायचं, अमक्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत कुठे मिळेल, तमक्याची मुदत संपलीय ती कशी वाढवायची. उत्तर देणारेही हौशी. तीन महिने असे गेले की मुक्त सॉफ्टवेअरबद्दल एक ओळ आली नाही. सर आवाज चढवत नाहीत. एका रविवारी ते एवढंच म्हणाले की आपण त्या कंपन्यांची दुरुस्तीची टपरी झालो आहोत. नियम त्याच दुपारी झाला.

त्याला जोडून एक पद्धत पडली. बैठकीत ज्याच्या तोंडून कुलूपवाल्या प्रोग्रॅमचं नाव निघेल, त्याने त्या दिवशीचे सगळ्यांचे कप धुवायचे. नळ खोलीच्या मागे, उन्हात. पद्धत गमतीची होती आणि गमतीनेच पाळली जायची. सगळ्यात जास्त कप सारोळ्याच्या मोटारवाल्यांनी धुतले असतील. हायवेला त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या वायंडिंगचं दुकान आहे आणि जीभ त्यांना आवरत नाही. मला मात्र नाव न घेण्याची इतकी सवय झाली की आज लिहितानाही ज्या प्रोग्रॅममुळे हे सगळं झालं त्याचं नाव हातून उतरत नाही. मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम, एवढं पुरे. तो चालायला कॉम्प्युटरच्या मागे बोटाएवढं खरोखरचं कुलूप खोचावं लागायचं. ते नसेल तर त्यातली फाइल उघडते, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि फुल्या यांची खिचडी दिसते.

मेल वाढल्या तेव्हा मी एक सोय केली. कुलूपवाल्या प्रोग्रॅमच्या नावांचा तक्ता केला, चौसष्ट नावांचा, आणि तो यादीच्या यंत्रात घातला. त्यातलं एक जरी नाव मेलमध्ये आलं की ती सगळ्यांना न जाता माझ्याकडे अडकायची. मला तिच्या पहिल्या चार ओळी दिसायच्या आणि खाली दोन बटणं, सोडा आणि नाकारा. नाकारायचं तर काहीतरी लिहावं लागतं, म्हणून सहा उत्तरं तयार करून ठेवली होती. चौथं असं होतं: आपली मेल यादीच्या विषयात बसत नाही, कृपया नियम तीन पाहावा, सहकार्याबद्दल आभार. रोज दुपारच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मी अडकलेल्या मेल निकालात काढायचे. एकही मेल दुसऱ्या दिवसावर गेली नाही. ऑफिसात माझ्या टेबलावरही तसंच असतं.

एप्रिलच्या शेवटी वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून एका बाईंची मेल अडकली. दोन वर्षांपूर्वी आम्ही वेल्ह्यात शिबिर घेतलं होतं, तेव्हा त्यांनी नाव नोंदवलं होतं. न लिहिणाऱ्या शंभरातल्या. पहिल्या चार ओळींत होतं की सासऱ्यांची एक फाइल अमुक प्रोग्रॅममध्ये आहे, कॉम्प्युटर विजेने जळला, कुलूपही त्यातच गेलं, कुणाकडे हा प्रोग्रॅम चालू असेल तर. पुढचं वाचायला मेल उघडावी लागत होती. मी उत्तर क्रमांक चार पाठवलं आणि जेवले.

मेच्या दुसऱ्या रविवारी त्या स्वतः आल्या. वेल्ह्याहून नसरापूर आणि तिथून दुसरी एसटी धरून भोर. वय चाळिशीच्या आतलं, खांद्याला कापडी पिशवी. आमचा चहा नुकताच झाला होता. दारात चपला काढून त्यांनी आधी नियमांचा कागद वाचला, अकराच्या अकरा. मग कुणाला उद्देशून बोलावं ते न कळून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या की त्यांना नियम तीन बघायला सांगितलं होतं, तो मोबाईलवर कुठे सापडला नाही, म्हणून आल्या. आणि कशासाठी आल्या ते सांगायला लागल्या. दुसऱ्याच वाक्यात त्या प्रोग्रॅमचं नाव आलं.

खोलीत सगळे गप्प झाले, सवयीने. मोटारवाले सवयीने बोलले.

"ताई, नाव घेतलंत. आजचे कप तुमच्याकडं."

त्यांनी एकदा मोटारवाल्यांकडे, एकदा सरांकडे पाहिलं. पिशवी भिंतीला टेकवली आणि कप गोळा करायला लागल्या. तेरा कप होते, मी मोजूनच चहा टाकते. दोघंतिघं हसले. कुणीतरी अहो राहू द्या म्हणालं, पण तोवर मागे नळ सुरू झाला होता. मोटारवाले लगबगीने मागे गेले आणि तसेच परत आले. ऐकत न्हाईत, म्हणाले. आम्ही बसून राहिलो. तेरा कप धुवायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळलं.

त्या पदराला हात पुसत आत आल्या.

"कप धुतलं. आता घेऊ का नाव?"

सरांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. "बसा. घ्या नाव," म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे सासरे, घरात सगळे आबा म्हणतात, कृषी सहायक होते. सारी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात गेली. तिथे घराघरांत भाताची जुनी बियाणी असायची, हळूहळू संपत चाललेली. आबांनी त्यातली काही धरून ठेवली ती एका रीतीने. एक बियाणं शक्यतो दोन घरी, आणि एका घरी दोनच वर्षं. दुसऱ्या वर्षीची कापणी झाली की येत्या उन्हाळ्यात आबा त्या घरी जायचे, बी उचलायचे आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरी द्यायचे. एखाद्या शेतात डुकरं घुसली, एखाद्याच्या कणगीला उंदीर लागले तर सगळं एकदम जायला नको. निवृत्तीनंतरही हे चालू होतं. कुठलं बी सध्या कुणाकडे आहे याची नोंद एका फाइलीत, त्या प्रोग्रॅममध्ये. पेनड्राइव्हवर प्रत होती म्हणून फाइल वाचली. पण दिवाळीपासून आबांना विसर पडायला लागला. गावं आठवतात, घरं आठवत नाहीत. त्यांच्या बचत गटाने ठरवलं होतं की यंदा सगळी जुनी बियाणी गोळा करून एका जागी थोडी थोडी पेरायची. मृगाच्या आत बी हातात पाहिजे, तरच रोप टाकता येईल.

सरांनी विचारलं, समजा यंदा नाही जमलं तर.

"दुसरं वरीस सरलं की ती मानसं आबांची वाट बघत्यात, सर. कुनी न्यायला आलं न्हाई तर भरडून खात्यात. त्यांचा काय दोष? भात हाय, खानारच की."

मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या की एकदा कागदावर छापून मिळालं की तो प्रोग्रॅम त्यांना नको आहे, पुढचं सगळं आमच्या शिबिरात शिकवलं त्यातच करायचं आहे, आणि हे त्यांनी मेलमध्ये शेवटी लिहिलंही होतं. त्यांनी माझ्याकडे बघून का म्हटलं कोण जाणे. चार नंबरच्या उत्तराखाली माझं नाव नसतं, फक्त 'व्यवस्था' असं असतं. मी मोबाईल काढून मेल उघडली. शेवटची ओळ तीच होती.

आता जे सांगायचं ते सांगताना मला बरं वाटत नाही. आमच्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून एक पत्रिकावाला आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, दहाव्याच्या चिठ्ठ्या. तो आजही त्याच प्रोग्रॅमवर, त्याच कुलपावर काम करतो. माझ्या भाचीची पत्रिका त्याच्याकडचीच. हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, भोरच्या निम्म्या लोकांना माहीत असेल. त्या रविवारी त्याचा उल्लेख कुणी केला नाही. मी तरी का केला नाही ते मला नक्की सांगता येतं: ती नियम तीनमधली मदत झाली असती आणि नियम मी टाइप केला होता.

सरांचं म्हणणं असं पडलं. आज आपण त्या प्रोग्रॅममधून छापून दिलं तर ताईंचं काम होईल, पण तशा फाइली घेऊन बसलेली आणखी माणसं जिल्ह्यात असतील, ती कुलपाशीच बांधलेली राहतील. त्यापेक्षा ती खिचडी सरळ मराठीत आणणारं रूपांतर आपण लिहू, ते सगळ्यांना कायमचं मिळेल. मात्र त्यासाठी त्या प्रोग्रॅमची अक्षरं कशी मांडलेली असतात यावर यादीवर खुली चर्चा करावी लागेल, आणि नियम सगळ्यांनी केलेला, तेव्हा आधी सगळ्यांना विचारू. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून तर कुणी काही बोललं नाही. बाईंनी पेनड्राइव्ह दिला, सरांनी फाइलीची प्रत घेऊन तो माझ्याकडे ठेवायला दिला, चार-सहा दिवसांत कळवतो असं सरांनी सांगितलं, आणि त्या दोनच्या एसटीने गेल्या.

चर्चा त्याच संध्याकाळी सुरू झाली. कुलूपवाल्या सॉफ्टवेअरबद्दल मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीवर बोलावं का. एकाचं मत, नाव घेणं वेगळं आणि मदत करणं वेगळं. दुसऱ्याचं, बाहेर पडायला मदत करावी, आत राहायला करू नये. तिसऱ्याने विचारलं की हे ठरवणार कोण, व्यवस्था का. पुण्याच्या एकाने नियमामागच्या तत्त्वावर इतकी लांब मेल लिहिली की ती मोबाईलवर वाचताना माझा अंगठा दुखला. एकाने सुचवलं, अशा विषयांना वेगळी यादी काढू. मग दोन दिवस त्या वेगळ्या यादीला काय म्हणायचं यावर गेले. मोटारवाल्यांनी मध्येच लिहिलं की आजाऱ्याला सांगा, आधी बरा हो आणि मग दवाखान्यात ये. त्यावर एकाने ही भाषा नियम सातमध्ये बसत नाही असं कळवलं. नियम सात भाषेचा आहे.

मी काय केलं? मी मतांचा तक्ता केला. उभे रकाने चार, आडव्या ओळी एकोणीस. कुणाचं मत बदललं की त्या खणाचा रंग बदलायचे. चर्चा मुद्द्यावर राहावी म्हणून तो रोज यादीवर टाकायचे. लोकांनी कौतुक केलं. त्या आठ दिवसांत मृग कधी लागतो हे यादीवर एकानेही विचारलं नाही, आणि माझ्या चार रकान्यांत तो नव्हताच.

सर तिकडे रूपांतराच्या मागे लागले होते. पण नुसत्या खिचडीवरून कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर ते ओळखता येईना. फाइलीतलं एखादं पान मराठीत छापलेलं समोर असतं तर जुळवता आलं असतं. आणि छापायचं तर तोच प्रोग्रॅम हवा. तेव्हा असं छापलेलं पान चालेल का, हाही प्रश्न यादीवर गेला.

नवव्या दिवशी, सोमवारी, मोटारवाल्यांची एक ओळीची मेल आली. त्यांना पत्रिकावाल्याचं त्या दिवशीच कुणाकडून तरी कळलं होतं. लिहिलं होतं: आपल्या खोलीपासून पत्रिकेचं दुकान एकशे ऐंशी पावलं, आत्ता चालून मोजली.

ती मेल तीन वेळा वाचली. मग तक्ता बंद केला. त्या दिवशी रंग भरायचे राहिले, ते अजून राहिलेत.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत पेनड्राइव्ह आणि घरचे कोरे कागद घेऊन मी दुकानात गेले. लग्नसराई होती, मशीन चालू होतं, ओल्या शाईचा वास. पत्रिकावाले चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, मॅडम, भाची झाली, आता पुतणी का. मी काय हवंय ते सांगितलं. त्यांनी फाइल उघडली आणि पडद्यावर सरळ मराठी उमटलं, गावं, घरं, भातांची नावं. एक्केचाळीस पानं. छापून व्हायला पंधरा मिनिटं लागली. पानं चाळत ते म्हणाले, किती निगुतीनं लिहिलंय, आणि मग विचारलं की हे कधीपासून अडलं होतं. मी म्हटलं, एप्रिलपासून.

"मग मला विचारायचं की. मी काय लांब राहतो का?"

विचारलं का नाही, ते त्यांना समजावून सांगायला मला सुट्टी पुरली नसती. कागद घेऊन मी परत ऑफिसात आले.

संध्याकाळी सरांना फोन केला. ते म्हणाले, बरं केलंत, मला चार पानांच्या झेरॉक्स द्या. पुढच्या पंधरा दिवसांत त्यांनी अक्षर अक्षर जुळवून रूपांतर पुरं केलं. आता कुणालाही ते घेता येतं, कुलूप लागत नाही, आणि परवा साताऱ्याकडच्या कुणीतरी त्यातून शाळेचा जुना वार्षिक अंक बाहेर काढल्याचं कळवलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते रूपांतर समजावून सांगताना बैठकीत त्यांना त्या प्रोग्रॅमचं नाव पन्नास वेळा तरी घ्यावं लागलं. झाल्यावर ते उठले, सगळे कप उचलले आणि मागे गेले. या वेळी कुणी हसलं नाही आणि कुणी अडवलंही नाही.

पण ते नंतर. पत्रिकावाल्यांकडे गेले त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी बैठकीला सुट्टी दिली आणि पहाटेच्या गाडीने वेल्ह्याला गेले. कागद फोनवर वाचून दाखवता आले असते, बाईंनीही तसंच सुचवलं होतं. मलाच जायचं होतं. त्यांच्याकडे पोचायच्या आत गावाप्रमाणे पानं लावून, नोंदीप्रमाणे जी सात बियाणी अजून शिल्लक होती आणि न्यायची होती त्यांच्या ओळींना खुणा करून ठेवल्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, मॅडम, हे लई झ्याक केलंत. मला ते ऐकवेना.

दिवसभर फिरलो. अर्ध्या वाटेपर्यंत जीप, पुढे पायी. उन्हाने गवत पांढरं पडलं होतं. ठिकठिकाणी रोपासाठी भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन तयार होते, नुसतं पेरायचं बाकी. रायभोग मिळालं, जिरेसाळ मिळालं, तामसाळ दोन घरी मिळालं. प्रत्येक घरात तोच प्रश्न, आबा का न्हाई आलं. दुपारपर्यंत सातांतली सहा बियाणी बाईंच्या पिशवीत चिंध्यांच्या गाठींत होती. प्रत्येक गाठीला मी चिठ्ठी बांधली. मला वाटायला लागलं होतं की निभावलं.

सातवं म्हणजे काळ्या कुसळाचं भात. फाइलीप्रमाणे ते एकाच घरी होतं, वरच्या वस्तीवरच्या एका म्हातारीकडे. बाकीच्या प्रत्येक बियाण्याला आबांनी दोन घरं लावली होती, याला दुसरं घर मिळालं नसावं. म्हातारी ओट्यावर करवंदं निवडत होती. आबांच्या सुनेला तिने ओळखलं, पाणी आणून दिलं. कशासाठी आलो ते सांगितल्यावर आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आली आणि आमच्यापुढे ठेवला. रिकामा होता, घासून पुसून लख्ख.

"दोन वरसं झाली व्हती बगा. वैशाखभर वाट बघितली, आबा येत्याल म्हनून. कुनी आलंच न्हाई. मागल्या सोमवारी भरडून आनलं, लेकीकडची मानसं आली व्हती."

मागला सोमवार म्हणजे पावलं मोजली तो. बाईंनी विचारलं, मूठभर तरी, कोपऱ्यात कुठे सांडलेलं. म्हातारीने मान हलवली. तिला काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं, कारण ती आमची समजूत घालायला लागली.

"लई ग्वाड लागला भात. पोरांनी तोंड भरून खाल्ला."

उतरताना वाटेत दोन घरी उगाच विचारलं, कुणाकडे काळ्या कुसळाचं असेल का. नव्हतं. बाईंनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट ताक मिळेल तिथे मला आधी देत होत्या.

घरी आबा पडवीत बसले होते. धोतर, सदरा, अंगाने अजून ताठ. सुनेने गाठी पुढ्यात मांडल्या, त्यांनी एकेक सोडून दाणे तळहातावर घेतले आणि प्रत्येकाचं नाव बरोबर सांगितलं. चिठ्ठ्या बघितल्याही नाहीत. मग छापलेली पानं मांडीवर घेतली. आपलंच लिहिलेलं आहे हे त्यांना कळत होतं की नाही, सांगता येत नाही, पण बोट ओळीओळीने चाललं होतं. एका जागी थांबलं.

"काळ्या कुसळाचं कुठाय?"

सुनेने सांगितलं. ते मग मागची पानं उलटायला लागले आणि मला जवळ बोलावून दाखवलं. मी ती पानं लावली होती, पण खुणांच्या ओळींपलीकडे वाचली नव्हती. पुन्हा तेच. मधून मधून काही ओळींत, 'सध्या कुणाकडे' या रकान्यात, घराच्या नावाऐवजी 'संपलं' असं होतं आणि पुढे कारण. उंदीर. पूर. पाहुणे आले. एका ओळीत होतं, 'माझ्याकडून राहिलं, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत.' असं 'माझ्याकडून राहिलं' तीन ठिकाणी होतं.

"असं लिवायचं," आबा म्हणाले. "रिकामं न्हाई ठिवायचं."

मी लॅपटॉप नेला होता. पुढच्या आठवड्यात ती सगळी पानं मुक्त प्रोग्रॅमच्या तक्त्यात उतरवून द्यायची असं ठरलं होतं, तर सात ओळी तिथेच पडवीत बसून करायला घेतल्या. सहा झाल्या. सातवीला मी 'संपलं' लिहिलं आणि पुढे 'माझ्याकडून राहिलं' लिहिलं. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"मॅडम, तसं नका लिवू. वाचनाऱ्याला वाटंल, आबांकडनं राह्यलं."

त्यांचं बरोबर होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'भोरच्या मेलयादीवालीकडून राहिलं.' आबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि रोप कधी टाकणार ते सुनेला विचारलं. मग थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

त्यानंतर मी चौसष्ट नावांचा तो तक्ता यंत्रातून काढून टाकला. आता सगळ्या मेल मी स्वतः शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. त्याला वेळ लागतो. दुपारी डबा गार होतो, काही मेल दुसऱ्या दिवसावर जातात, आणि बहुतेकांत शेवटपर्यंत वाचण्यासारखं काहीच नसतं. तयार उत्तरांतलं चौथं काढलं. बाकीच्यांचे क्रमांक बदलले नाहीत, त्यामुळे तिसऱ्यानंतर एकदम पाचवं येतं. नियम तीनच्या नव्या मजकुरावर यादीवर अजून चर्चा चालू आहे. मत द्यायची मला दोनदा आठवण करून दिली गेली. अजून दिलेलं नाही.